खेळाडू ते प्रशिक्षक : स्पॅनिश फुटबॉलपटूची कारकीर्द कशी अभ्यासावी आणि कशी लिहावी

स्पेनमधील एखाद्या नामवंत फुटबॉलपटूने खेळणे थांबवले आणि काही वर्षांनी तो प्रशिक्षक म्हणून मैदानाच्या कडेला उभा राहिला, की त्याच्यावर मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा एकाच साच्यातून निघते. जन्म, क्लब, चषक, निवृत्ती, नंतर पुन्हा क्लब आणि पुन्हा चषक. माहिती चुकीची नसते. पण दोन कारकिर्दी एकीखाली एक रचून ठेवल्या जातात आणि त्यांच्यामधला सांधा कुठेच दिसत नाही. माझ्या मते लिहिण्यासारखा भाग नेमका त्या सांध्यात असतो. खेळाडू कोणत्या जागेवर खेळत होता, कोणाच्या हाताखाली खेळला, आणि निवृत्तीनंतर पहिले मोठे पद मिळेपर्यंतची वर्षे त्याने कशी घालवली, या तीन गोष्टी नीट शोधल्या तर चषकांची यादी परिशिष्टात टाकली तरी चालते.

हे काम कसे करावे हे सांगण्यासाठी मी स्पेनचे माजी मध्यरक्षक आणि नंतर प्रशिक्षक झालेले शाबी अलोन्सो यांची कारकीर्द मुख्य उदाहरण म्हणून घेतली आहे, आणि जिथे तुलना उपयोगी पडेल तिथे पेप ग्वार्दिओला, व्हिसेंते डेल बॉस्के, लुइस आरागोनेस आणि उनाई एमेरी या इतर स्पॅनिश प्रशिक्षकांकडे वळलो आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवावी लागते. मराठी क्रीडापानांवर खेळाडू ‘तो’ असतो आणि प्रशिक्षक ‘ते’. एकाच माणसाविषयी लिहिताना हा बदल नेमका कोणत्या परिच्छेदात करायचा, असा प्रश्न पडतोच. मी संपूर्ण लेखात आदरार्थी बहुवचन ठेवतो. अठरा वर्षांच्या मुलाविषयी ‘त्यांनी पदार्पण केले’ असे लिहिणे जरा अवघडल्यासारखे वाटते हे खरे, पण मध्येच ‘तो’चे ‘ते’ झालेले त्याहून अधिक खटकते.

नाव, उच्चार आणि गाव

स्पॅनिश माणसाला दोन आडनावे असतात, पहिले बहुधा वडिलांकडचे आणि दुसरे आईकडचे. अलोन्सो यांचे पूर्ण नाव शाबिएर अलोन्सो ओलानो. लेखात पहिले आडनाव वापरावे; दुसरे एकदाच, पूर्ण नाव देताना. मात्र हा नियम डोळे मिटून लावू नये, कारण प्रशिक्षक लुइस एन्रिके यांच्या बाबतीत ‘एन्रिके’ हे आडनाव नाहीच. त्यांचे पूर्ण नाव लुइस एन्रिके मार्तिनेस गार्सिया आहे, त्यामुळे ‘एन्रिके यांनी संघ बदलला’ असे लिहिणे म्हणजे एखाद्याच्या दुहेरी नावाचा अर्धा तुकडा आडनाव म्हणून वापरण्यासारखे आहे.

उच्चारासाठी इंग्रजी समालोचन ऐकू नये. आपल्याकडे ‘झाबी’ रूढ झाले ते तिथूनच. बास्क भाषेत नावातल्या X या अक्षराचा उच्चार ‘श’ होतो आणि स्पॅनिश बोलणारे पुष्कळदा ‘चाबी’ म्हणतात. बार्सिलोनाच्या Xavi या दुसऱ्या मध्यरक्षकाचे कॅटलान नाव ‘चावी’च्या जवळ जाते. मराठी वाचकाला या दोन्ही शब्दांत किल्ली ऐकू येईल याला इलाज नाही. क्लबांच्या नावांत ‘रियल’ऐवजी ‘रेआल’ लिहावे. कोणताही उच्चार निवडला तरी शेवटपर्यंत तोच ठेवावा.

जन्मगाव ही केवळ पहिल्या ओळीची सोय मानू नये. अलोन्सो यांचा जन्म 25 नोव्हेंबर 1981 रोजी तोलोसा येथे झाला, म्हणजे बास्क प्रदेशातील गिपुस्कोआ प्रांतात. त्यांचे वडील पेरिको अलोन्सो रेआल सोसिएदादकडून 1981 आणि 1982 अशी सलग दोन वर्षे स्पॅनिश साखळी जिंकलेल्या संघात होते, नंतर बार्सिलोनाबरोबर 1985 मध्येही त्यांनी ती जिंकली, आणि 1982 च्या विश्वचषकात ते स्पेनकडून खेळले. मुलगा त्याच सोसिएदादकडे आला आणि वडिलांप्रमाणेच मध्यरक्षक झाला. याच छोट्या प्रांतातून मिकेल आर्तेता, उनाई एमेरी, आन्दोनी इराओला आणि हुलेन लोपेतेगी हे प्रशिक्षकही आले. त्यांपैकी आर्तेता आणि इराओला हे अलोन्सो यांच्याप्रमाणेच सान सेबास्तियानच्या अंतिगुओको या मुलांच्या क्लबातून पुढे गेले. हा योगायोग की त्या भागातील फुटबॉल संस्कृतीचा परिणाम, याचा निकाल दोन ओळींत लावण्याचा मोह आवरावा. वस्तुस्थिती नोंदवली की वाचक विचार करायला मोकळा असतो.

पाच रकान्यांचा कागद

लिहायला बसण्यापूर्वी एक आडवा कागद घेऊन त्यावर पाच रकाने आखावेत : हंगाम, क्लब, साखळीतील श्रेणी, मैदानातील जागा, आणि प्रशिक्षक. वर्षाऐवजी हंगाम लिहायचा, कारण युरोपातील फुटबॉल बहुधा ऑगस्टमध्ये सुरू होऊन पुढच्या वर्षी मे महिन्यात संपते. अलोन्सो यांनी डिसेंबर 1999 मध्ये स्पॅनिश राजचषकाच्या सामन्यात सोसिएदादकडून पदार्पण केले. हे ‘1999’ असे लिहून ठेवले तर पुढचा हिशेब एका वर्षाने सरकतो. ‘1999-2000’ असे लिहिले तर सरकत नाही. शिवाय ते पदार्पण चषकातले होते, साखळीतले नव्हते. दोन संकेतस्थळांवर पदार्पणाची दोन वेगळी वर्षे दिसली तर बहुतेक वेळा कारण हेच असते.

चौथा रकाना, म्हणजे मैदानातील जागा, अनेक जण ‘मध्यरक्षक’ एवढे लिहून सोडून देतात. ते पुरेसे नाही. अलोन्सो बचावफळीच्या लगेच पुढे उभे राहून खेळाची दिशा ठरवणारे मध्यरक्षक होते. स्पॅनिशमध्ये या जागेला ‘पिवोते’ म्हणतात. योहान क्रायफ यांच्या बार्सिलोनात ग्वार्दिओला याच जागेवर खेळले. या जागेवरील खेळाडूसमोर जवळजवळ संपूर्ण मैदान असते, त्याला धावण्यापेक्षा पाहावे अधिक लागते, आणि चेंडू येण्यापूर्वीच तो कुठे द्यायचा हे ठरवावे लागते. प्रशिक्षकाच्या कामाशी या जागेचे साम्य उघड आहे. पण ‘म्हणून ते प्रशिक्षक झाले’ असे विधान करण्याची घाई करू नये. त्याचे कारण पुढे येईल.

पाचवा रकाना सर्वांत मोलाचा. अलोन्सो यांच्या कागदावर तो असा भरतो : सोसिएदादमध्ये जॉन तोशॅक, ज्यांनी एइबार क्लबकडे उसने दिलेल्या या तरुणाला परत बोलावून वयाच्या विशीतच कर्णधार केले, आणि त्यानंतर रेनाल्ड डेनुए, लिव्हरपूलमध्ये राफाएल बेनितेस, रेआल माद्रिदमध्ये प्रामुख्याने जोसे मोरिन्यो आणि कार्लो अँचेलॉटी, बायर्न म्युनिकमध्ये ग्वार्दिओला आणि अखेरच्या हंगामात पुन्हा अँचेलॉटी, राष्ट्रीय संघात आरागोनेस आणि डेल बॉस्के. एवढ्या वेगवेगळ्या विचारांच्या प्रशिक्षकांच्या हाताखाली एकच माणूस खेळला, ही नोंद त्याच्या चषकांपेक्षा जास्त काही सांगते.

हा रकाना भरला की काही अनपेक्षित धागे आपोआप जुळतात. 2002-03 च्या हंगामात अलोन्सो यांचा सोसिएदाद संघ साखळीत दुसरा आला. पहिल्या क्रमांकावरील रेआल माद्रिदपेक्षा तो केवळ दोन गुणांनी मागे होता. त्या माद्रिदचे प्रशिक्षक डेल बॉस्के होते, आणि ते जेतेपद मिळवल्यावर लगेचच क्लबने त्यांच्याशी नवा करार केला नाही. सात वर्षांनी याच डेल बॉस्के यांनी विश्वचषकात अलोन्सो आणि सेर्जिओ बुस्केत्स अशा दोन ‘पिवोतें’ना एकत्र खेळवले. स्वित्झर्लंडविरुद्धचा पहिलाच सामना 0-1 ने गमावल्यावर या जोडीवर बरीच टीका झाली, तरी त्यांनी ती मोडली नाही. या पार्श्वभूमीवर 2010 चे विश्वविजेतेपद वाचले तर ते केवळ एका सुवर्णपदकाची नोंद राहत नाही.

खेळाडूची वर्षे : पदक आणि मैदान यांतला फरक

खेळाडू म्हणून अलोन्सो यांनी जे जिंकले त्याचा गोषवारा थोडक्यात देता येतो. लिव्हरपूलबरोबर 2005 ची चॅम्पियन्स लीग (युरोपातील क्लबांची सर्वोच्च स्पर्धा) आणि 2006 चा इंग्लंडमधील एफए चषक, माद्रिदबरोबर 2011-12 ची साखळी, दोन राजचषक आणि 2014 ची चॅम्पियन्स लीग, बायर्नबरोबर सलग तीन बुंडेसलिगा (जर्मन साखळी) जेतेपदे आणि 2016 चा जर्मन चषक. स्पेनकडून 114 सामने, 16 गोल, 2008 आणि 2012 चे युरो चषक आणि 2010 चा विश्वचषक. एवढे एका परिच्छेदात आटोपावे. वेळ खर्च करायचा तो प्रत्येक पदकामागे त्या खेळाडूचा मैदानावरील वाटा किती होता हे तपासण्यात.

2008 च्या युरो स्पर्धेत आरागोनेस यांनी बचावफळीपुढची जागा मार्कोस सेना यांना दिली होती आणि अलोन्सो यांचा बराचसा वेळ राखीव बाकावर गेला. 2012 मध्ये चित्र उलटे होते : डोनेत्स्क येथील उपांत्यपूर्व सामना हा त्यांचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता, आणि स्पेनने फ्रान्सवर 2-0 असा जो विजय मिळवला त्यातले दोन्ही गोल त्यांचेच, एक डोक्याने आणि एक पेनल्टीवर. यादीत ही दोन जेतेपदे शेजारी शेजारी, एकाच आकाराच्या अक्षरांत उभी असतात.

2014 च्या चॅम्पियन्स लीगचे उदाहरण आणखी बोलके आहे. बायर्नविरुद्धच्या उपांत्य फेरीतील परतीच्या सामन्यात पिवळे कार्ड मिळाल्याने लिस्बन येथील अंतिम सामन्यासाठी ते निलंबित झाले. जादा वेळेत गॅरेथ बेल यांनी माद्रिदला आघाडी मिळवून दिली तेव्हा अलोन्सो कोट-टाय घातलेल्या अवस्थेत मैदानाच्या कडेने धावत सुटले. प्रशिक्षक म्हणून कमालीचे शांत दिसणाऱ्या या माणसाच्या लेखात ते दृश्य असायलाच हवे, असे मला वाटते. ‘2014 चा अंतिम सामना खेळले’ असे वाक्य मात्र चुकीचे ठरेल. माझ्याही पहिल्या मसुद्यात ते होते.

2005 च्या चॅम्पियन्स लीगच्या इस्तंबूल येथील अंतिम सामन्याबाबतही अशीच काळजी घ्यावी. 25 मे 2005 रोजी एसी मिलानविरुद्ध मध्यंतराला 0-3 असे मागे पडलेल्या लिव्हरपूलने बरोबरी साधली. तिसऱ्या गोलाचे वर्णन ‘अलोन्सो यांची पेनल्टी’ असे सर्रास केले जाते. प्रत्यक्षात गोलरक्षक दिदा यांनी पेनल्टी अडवली आणि परत आलेला चेंडू अलोन्सो यांनी जाळ्यात मारला. त्यानंतरच्या पेनल्टी शूटआऊटमध्ये लिव्हरपूल 3-2 ने जिंकले, पण त्यात अलोन्सो यांनी पेनल्टी घेतली नाही. एका सामन्यात पेनल्टीचे दोन वेगळे संदर्भ आल्यामुळे हा घोटाळा होतो, म्हणून अशा सामन्याचा मिनिटवार अहवाल काढून वाचावा.

हस्तांतराची रक्कम ज्या चलनात ठरली त्याच चलनात आणि ‘सुमारे’ हा शब्द लावून द्यावी. सोसिएदादकडून लिव्हरपूलकडे जाताना सुमारे 1 कोटी पाउंड आणि 2009 मध्ये तिथून माद्रिदकडे जाताना सुमारे 3 कोटी पाउंड, एवढे पुरते. अशा रकमांत हप्ते आणि अटी असतात, त्यामुळे दशांश चिन्हापर्यंतची अचूकता ही बहुधा दिखाऊ असते.

मधली वर्षे

अलोन्सो 2017 मध्ये निवृत्त झाले आणि ऑक्टोबर 2022 मध्ये त्यांना प्रथमच एखाद्या क्लबचा मुख्य संघ मिळाला. या पाच वर्षांना पुष्कळ लेखांत एक वाक्य मिळते. माझा सल्ला असा की लेखाचा किमान पाचवा हिस्सा इथे द्यावा.

2018-19 मध्ये त्यांनी माद्रिदच्या चौदा वर्षांखालील मुलांचा संघ सांभाळला. विश्वविजेत्याने शाळकरी मुलांपासून सुरुवात केली याचे कौतुक करण्यापेक्षा, त्या पातळीवर प्रशिक्षकाला काय शिकता येते हे लिहिणे उपयोगाचे आहे : तिथे निकालाचे दडपण कमी असते, सराव स्वतः आखावा लागतो, आणि स्वतःला उपजत कळणारी गोष्ट समोरच्या मुलाला शब्दांत सांगावी लागते. 2019 मध्ये ते सोसिएदादच्या दुय्यम संघाचे प्रशिक्षक झाले आणि तिथे तीन हंगाम राहिले.

दुय्यम संघ म्हणजे काय हे वाचकाला समजावून सांगणे इथे अपरिहार्य आहे, कारण इंग्लंडमधील राखीव संघांशी त्याची गल्लत होते. स्पेनमध्ये मोठ्या क्लबांचे दुय्यम संघ इतर स्वतंत्र क्लबांबरोबर नियमित साखळीच्या उतरंडीत खेळतात. त्यांना वरच्या श्रेणीत बढती मिळते, खालच्या श्रेणीत घसरणही होते. फक्त आपल्याच मुख्य संघाच्या श्रेणीत त्यांना जाता येत नाही आणि राजचषकात खेळता येत नाही. त्यामुळे एकोणीस-वीस वर्षांची मुले घेऊन तिशीतल्या कसलेल्या व्यावसायिकांशी भिडावे लागते, आणि त्यातला एखादा मुलगा चांगला निघाला की मुख्य संघ त्याला हंगामाच्या मध्यावर उचलून नेतो. प्रशिक्षकाने तक्रार करण्याची सोय नसते, कारण त्या मुलाला तयार करणे हेच त्याचे काम असते. ग्वार्दिओला यांनी 2007-08 मध्ये बार्सिलोनाचा दुय्यम संघ तेव्हाच्या चौथ्या श्रेणीतून वर नेला आणि लगेच पुढच्या हंगामात मुख्य संघ हाती घेतला. लुइस एन्रिके यांनी त्यांच्यानंतर तोच दुय्यम संघ तीन हंगाम सांभाळला.

अलोन्सो यांच्या संघाने 2021 मध्ये दुसऱ्या श्रेणीत प्रवेश केला. या दुय्यम संघाला ते सुमारे सहा दशकांनंतर साधले होते. पुढच्याच हंगामाअखेर, 2022 मध्ये, संघ पुन्हा खाली घसरला. ही दोन्ही वाक्ये लेखात एकापाठोपाठ यायला हवीत. पहिले ठेवून दुसरे वगळणे ही स्तुतिपर लेखनातील सर्वांत सामान्य लबाडी आहे, आणि तिच्यामुळे लेखाचे नुकसानच होते. कारण घसरण झालेल्या संघाचा प्रशिक्षक चार-पाच महिन्यांत बुंडेसलिगात कसा पोहोचला, हा खरा कुतूहलाचा प्रश्न वाचकापुढे येतच नाही.

मधल्या वर्षांची लांबी माणसागणिक किती बदलते हेही दाखवावे. आरागोनेस यांनी मे 1974 मध्ये अॅटलेटिको माद्रिदकडून युरोपियन चषकाच्या (चॅम्पियन्स लीगच्या जुन्या स्वरूपाच्या) अंतिम सामन्यात फ्री किकवर गोल केला. बायर्नने अखेरच्या क्षणी बरोबरी साधली आणि पुन्हा खेळवलेला सामना 4-0 ने जिंकला. त्याच वर्षी आरागोनेस खेळाडूंच्या खोलीतून थेट त्याच संघाचे प्रशिक्षक झाले. मधले अंतर जवळजवळ शून्य. उलट डेल बॉस्के 1984 मध्ये निवृत्त झाले, माद्रिदच्या युवा विभागात वर्षानुवर्षे काम करत राहिले, दोनदा तात्पुरते मुख्य प्रशिक्षक झाले, आणि नोव्हेंबर 1999 मध्ये तोशॅक यांच्या जागी आल्यावरच टिकले. त्या पदावर त्यांनी 2000 आणि 2002 च्या चॅम्पियन्स लीग जिंकल्या. ग्वार्दिओला यांनी कारकिर्दीच्या उतारावर कतार आणि मेक्सिको येथे खेळणे पसंत केले, आणि मेक्सिकोत ते हुआन मानुएल लियो यांच्या संघात खेळले; हेच लियो पुढे मँचेस्टर सिटीत त्यांचे सहायक झाले. खेळाडूचे शेवटचे, प्रसिद्धीपासून दूर गेलेले क्लब ‘किरकोळ’ म्हणून गाळू नयेत, याचे याहून चांगले उदाहरण माझ्याकडे नाही.

प्रशिक्षकाचे मोजमाप

प्रशिक्षकाच्या कामाचे वर्णन करताना पहिला आकडा त्याने पद घेतले त्या दिवशीच्या गुणतक्त्यातून घ्यावा. अलोन्सो 5 ऑक्टोबर 2022 रोजी जर्मनीतील बायर लेव्हरकुसेन क्लबचे प्रशिक्षक झाले तेव्हा आठ सामन्यांत पाच गुण मिळवून संघ अठरापैकी सतराव्या स्थानावर होता. पहिल्या सामन्यात त्यांनी शाल्केला 4-0 असे हरवले, हंगामाअखेर संघ सहावा आला, आणि युरोपा लीगच्या (युरोपातील क्लबांच्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेच्या) उपांत्य फेरीत रोमाकडून एकूण 0-1 असा हरला. रोमाचे प्रशिक्षक होते मोरिन्यो. पाचव्या रकान्यातील नावे अशी समोरच्या बाकावर पुन्हा भेटतात.

दुसरी गोष्ट म्हणजे क्लबचा इतिहास. 1904 मध्ये स्थापन झालेला लेव्हरकुसेन त्याआधी बुंडेसलिगात पाच वेळा उपविजेता ठरला होता, एकदाही विजेता नव्हता. 2002 मध्ये साखळी, जर्मन चषक आणि चॅम्पियन्स लीग या तिन्ही स्पर्धांत तो दुसरा आला होता. त्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात त्याला हरवणाऱ्या रेआल माद्रिदचे प्रशिक्षक डेल बॉस्केच होते. ही पार्श्वभूमी दिल्याशिवाय 2023-24 च्या हंगामाचे वजन वाचकाला कळणार नाही. त्या हंगामात संघाने साखळीतील 34 पैकी 28 सामने जिंकले, 6 बरोबरीत सोडवले, 90 गुण मिळवले आणि बायर्नची सलग अकरा जेतेपदांची मालिका तोडली. 14 एप्रिल 2024 रोजी व्हेर्डर ब्रेमेनवर 5-0 असा विजय मिळवून जेतेपद निश्चित झाले. सर्व स्पर्धा मिळून 53 सामन्यांत एकच पराभव झाला. तो 22 मे रोजी डब्लिन येथे युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात इटलीतील अटालांटा क्लबकडून 0-3 असा. तीन दिवसांनी कायझर्सलाउटर्नला 1-0 असे हरवून त्यांनी जर्मन चषकही घेतला. लिहिताना ‘अपराजित हंगाम’ हा शब्दप्रयोग करायचा असेल तर तो साखळीपुरता आहे हे त्याच वाक्यात सांगावे.

तिसरी गोष्ट म्हणजे श्रेयाची वाटणी. 2023 च्या उन्हाळ्यात आर्सेनलकडून ग्रानिट झाका आणि बेन्फिकाकडून आलेहान्द्रो ग्रिमाल्दो आले. फ्लोरिअन वीर्ट्झ आणि जेरेमी फ्रिम्पाँग आधीपासून होते. क्लबचे क्रीडा संचालक सिमॉन रोल्फेस हे स्वतः लेव्हरकुसेनचे माजी मध्यरक्षक आहेत, आणि खेळाडूंची ही जमवाजमव त्यांच्या कारकिर्दीतली आहे. अलोन्सो यांनी त्या खेळाडूंना तीन बचावपटूंच्या रचनेत बसवले आणि दोन्ही कडांवर ग्रिमाल्दो व फ्रिम्पाँग यांना जवळजवळ आघाडीपटूंइतके पुढे जाऊ दिले. ‘अलोन्सो यांनी संघ घडवला’ हे वाक्य मग थोडे सैल वाटू लागते, आणि वाटायला हवे.

खेळाच्या शैलीवर लिहिताना एक सवय मोडावी लागते. ग्वार्दिओला यांच्या हाताखाली खेळलेल्या प्रत्येकाला त्यांचा शिष्य ठरवून टाकले जाते. अलोन्सो बायर्नमध्ये त्यांच्याबरोबर दोन हंगाम होते हे खरे, पण लेव्हरकुसेनच्या खेळात चेंडू राखण्याबरोबरच तो झटपट सरळ पुढे नेणारा हल्लाही होता, आणि बेनितेस, मोरिन्यो, अँचेलॉटी यांच्या संघांत एकूण दहा हंगाम घालवलेल्या माणसाबाबत एकाच गुरूचे नाव घेणे अपुरे आहे. कोणता विचार कुठून आला हे ठरवण्याचा सुरक्षित मार्ग म्हणजे त्या प्रशिक्षकाची मूळ मुलाखत वाचणे. अवतरण द्यायचे असेल तर ते मूळ भाषेतून घ्यावे. स्पॅनिशमधून जर्मन, जर्मनमधून इंग्रजी आणि तिथून मराठी असा प्रवास केलेले वाक्य अवतरणचिन्हांत ठेवू नये.

नाकारलेली पदे हीदेखील कारकिर्दीतील घटना असतात. मार्च 2024 मध्ये लिव्हरपूल आणि बायर्न या आपल्या दोन्ही जुन्या क्लबांशी नाव जोडले जात असताना अलोन्सो यांनी लेव्हरकुसेनमध्येच राहणार असल्याचे जाहीर केले. त्यांनी मुलांचा संघ आणि दुय्यम संघ यांत जो वेळ घेतला होता, त्याच्याशी हा निर्णय जुळतो.

कारणमीमांसेबाबत दोन इशारे

वर म्हटल्याप्रमाणे ‘मोठा मध्यरक्षक, म्हणून मोठा प्रशिक्षक’ ही मांडणी फार मोहक आहे. ती लिहिण्यापूर्वी एमेरी यांच्याकडे पाहावे. सोसिएदादच्या मुख्य संघाकडून ते मोजकेच सामने खेळले आणि त्यांची बरीचशी कारकीर्द खालच्या श्रेण्यांत गेली. 2004-05 मध्ये गुडघ्याच्या दुखापतीने जायबंदी झालेले असताना ज्या लोर्का क्लबचे ते खेळाडू होते त्याच क्लबने त्यांना प्रशिक्षक केले, आणि त्याच हंगामात त्यांनी संघ दुसऱ्या श्रेणीत नेला. पुढे सेवियाबरोबर सलग तीन आणि व्हियारेआलबरोबर एक अशा चार युरोपा लीग त्यांनी जिंकल्या. लोपेतेगी तर गोलरक्षक होते. एका उदाहरणावरून नियम काढायचा असेल तर दुसरे उदाहरण तो लगेच मोडते, हे वाचकालाही दिसू द्यावे.

दुसरा इशारा आरोपांविषयी आहे. खेळाडूंच्या आयुष्यात करविषयक खटले, उत्तेजक चाचण्या, निलंबने येतात, आणि बातम्यांत आरोप मोठ्या अक्षरांत तर निकाल लहान अक्षरांत छापला जातो. ग्वार्दिओला इटलीतील ब्रेशिया क्लबकडून खेळत असताना 2001 मध्ये नँड्रोलोन या उत्तेजकाच्या चाचणीत दोषी ठरले आणि त्यांच्यावर चार महिन्यांची बंदी आली. पुढे 2007 मध्ये अपील न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. अलोन्सो यांची करविषयक खटल्यातून 2019 मध्ये माद्रिदच्या न्यायालयाने निर्दोष मुक्तता केली. असा प्रसंग लेखात घ्यायचा असेल तर आरोप आणि अंतिम निकाल एकाच वाक्यात लिहावेत. ते जमत नसेल तर तो प्रसंग घेऊच नये.

चालू कारकीर्द कुठे थांबवावी

आरागोनेस यांचे निधन 1 फेब्रुवारी 2014 रोजी झाले. त्यांच्या कारकिर्दीविषयी लिहिताना शेवट आपल्या हातात असतो. 2008 चा युरो चषक आणि त्याआधीची चौतीस वर्षे यांचा ताळेबंद मांडता येतो. चालू कारकिर्दीत तसे करता येत नाही, आणि म्हणूनच ‘जगातील सर्वोत्तम प्रशिक्षकांपैकी एक’ अशा वाक्यावर लेख संपवण्याची घाई केली जाते. त्याऐवजी शेवटची पडताळलेली घटना तारखेसह लिहावी आणि तिथेच थांबावे.

अलोन्सो यांच्या बाबतीत 2024-25 मध्ये लेव्हरकुसेन दुसरे आले, मे 2025 मध्ये रेआल माद्रिदने त्यांची नियुक्ती जाहीर केली, आणि त्याच उन्हाळ्यात क्लब विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, 9 जुलै रोजी, त्यांचा संघ पॅरिस सेंट-जर्मेनकडून 0-4 असा हरला. पॅरिसचे प्रशिक्षक होते लुइस एन्रिके : खेळाडू म्हणून रेआल माद्रिदमध्ये पाच हंगाम काढून बार्सिलोनाकडे गेलेले, तिथल्या दुय्यम संघातून प्रशिक्षक झालेले, आणि 2015 मध्ये बार्सिलोनाबरोबर व 2025 मध्ये पॅरिसबरोबर चॅम्पियन्स लीग जिंकलेले. पाच रकान्यांचा पुढचा कोरा कागद त्यांच्या नावाने आखायला हरकत नाही.